जुन्या संगणकासाठी लिनक्स : निवड आणि जुळणी

१. प्रश्नाचे स्वरूप

शिवणयंत्र किंवा सायकल निकामी होते ती तिचे भाग झिजल्यामुळे. संगणकाची गोष्ट निराळी आहे. त्याचा पडदा स्वच्छ दिसत असतो, कळफलकाची प्रत्येक कळ उमटत असते, प्रक्रियकात काही बिघाड नसतो. आणि तरीही तो संगणक 'कालबाह्य' ठरतो. यंत्र चालविणारी आज्ञावली पुढे सरकलेली असते आणि यंत्र मागे राहिलेले असते, एवढेच त्याचे कारण.

ह्याचे ठळक उदाहरण अलीकडचे आहे. २०१५ साली बाजारात आलेल्या विंडोज १० ह्या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तिच्या जागी आलेल्या विंडोज ११ ला ठरावीक पिढीपुढील प्रक्रियक आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था आवश्यक असते. ज्या संगणकांत ही सामग्री नाही, ते धडधाकट असूनही अधिकृत रीतीने पुढच्या प्रणालीवर नेता येत नाहीत. सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबलेला संगणक महाजालाला जोडून वापरणे धोक्याचे, आणि चालते यंत्र टाकून देणे खर्चाचे, अशा पेचात अनेक घरे, शाळा व वाचनालये सापडली.

टाकून दिलेल्या यंत्राचा भार अखेर समाजावरच पडतो. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे ६.२ कोटी टन विद्युत व इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला, आणि त्यापैकी केवळ २२.३ टक्के कचऱ्याचे रीतसर संकलन व पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे. यास्तव चालते यंत्र आणखी पाच वर्षे उपयोगात राहावे, हा प्रश्न केवळ काटकसरीचा नाही.

लिनक्स हे ह्या पेचावरील एक उत्तर आहे. परंतु लिनक्स म्हणून एकच वस्तू बाजारात मिळत नाही. तिचे शेकडो प्रकार आहेत, आणि नवखा मनुष्य त्या नावांच्या गर्दीतच गोंधळतो. निवड कोणत्या क्रमाने करावी आणि निवडलेली प्रणाली आपल्या कामास कशी जुळवून घ्यावी, ह्याचा विचार ह्या पाठात केला आहे.

२. गाभा आणि वितरण

संगणकाचे यांत्रिक भाग आणि मनुष्य वापरतो ती साधने ह्यांच्या दरम्यान एक मूलभूत आज्ञावली काम करीत असते. तिला कार्यकारी प्रणाली म्हणतात. स्मृतीचे वाटप करणे, डिस्कवर लिहिणे, कळफलक व मुद्रक ह्यांच्याशी व्यवहार करणे ही तिची कामे होत. तिच्या अगदी आतल्या भागाला गाभा अथवा कर्नल म्हणतात.

लिनक्स हे मूळचे अशा एका गाभ्याचे नाव आहे. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोर्व्हाल्ड्स ह्याने १९९१ साली तो लिहावयास घेतला. त्याआधी, १९८३ साली, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी 'ग्नू' ह्या प्रकल्पाची घोषणा केली होती. कोणालाही वापरता, अभ्यासता, बदलता व वाटता यावी अशी संपूर्ण प्रणाली निर्माण करणे हा त्याचा हेतू होता. १९९२ मध्ये लिनक्सचा गाभा ग्नूच्याच परवान्याखाली खुला झाला, आणि गाभा व साधने एकत्र येऊन पूर्ण प्रणाली तयार झाली. आज अँड्रॉइड दूरध्वनींत हाच गाभा असतो, आणि जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची जी यादी प्रसिद्ध होते तीतील सर्व यंत्रे नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालत आली आहेत.

गाभा, साधने, पडद्याची मांडणी आणि नवी साधने बसविण्याची व्यवस्था ह्यांची एकत्र बांधणी करून जी तयार वस्तू दिली जाते, तिला वितरण म्हणतात. एकाच पिठाच्या भाकरी, थालीपीठ आणि धिरडी व्हावीत, तसे हे प्रकार आहेत. पीठ तेच असते. कृती व प्रयोजन बदलते.

३. वितरणांची ओळख

दैनंदिन वापराच्या दृष्टीने वितरणांतील सर्वांत महत्त्वाचा भेद नव्या आवृत्त्यांच्या गतीचा असतो. १९९३ साली सुरू झालेले डेबियन हे सावकाश पण स्थिर गतीने चालते; त्याची नवी आवृत्ती साधारणपणे दोन वर्षांनी निघते आणि तिला एकूण सुमारे पाच वर्षे आधार मिळतो. डेबियनवर आधारलेले उबुंटू २००४ साली निघाले. सम वर्षांच्या एप्रिलमध्ये निघणाऱ्या त्याच्या दीर्घमुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. लिनक्स मिंटची मुख्य आवृत्ती ह्याच दीर्घमुदतीच्या उबुंटूवर उभी असून, विंडोजची सवय असलेल्यास तिची मांडणी ओळखीची वाटते. फेडोरात नवीन सुधारणा लवकर येतात, परंतु तिच्या एका आवृत्तीचा आधार सुमारे तेरा महिन्यांचा असतो. आर्च ह्या वितरणात स्वतंत्र आवृत्त्याच नसतात. बदल अखंड येत राहतात, आणि त्यांकडे सतत लक्ष ठेवणारा मालक त्याला लागतो.

भारतातही अशी बांधणी झाली आहे. सी-डॅक ह्या शासकीय संस्थेने 'बॉस' नावाचे वितरण डेबियनच्या आधारे तयार केले आणि त्याची पहिली आवृत्ती २००७ साली प्रसिद्ध झाली. भारतीय भाषांची सोय हा तिचा विशेष. केरळमध्ये २००१ साली सुरू झालेल्या शालेय संगणक-शिक्षणाच्या उपक्रमाने मुक्त आज्ञावलीचा मार्ग धरला. त्याचे रूपांतर पुढे 'काइट' ह्या संस्थेत झाले, आणि उबुंटूवर आधारलेली व शालेय विषयांची साधने आधीच घातलेली प्रणाली तेथील शाळांतून वापरली जाते. केरळच्या उदाहरणाचे मर्म असे की, तेथे आधी शाळेची गरज ठरली आणि नंतर प्रणाली तिच्या मापाने बेतली गेली.

४. निवडीचा क्रम

'सर्वांत चांगले लिनक्स कोणते?' असा प्रश्न नेहमी विचारला जातो. तो प्रश्नच अपुरा आहे. निवडीचा योग्य क्रम काम, यंत्र आणि वितरण असा होय.

प्रथम कामांची यादी करावी. पत्रलेखन, महाजालावरील वाचन, हिशेबाचे तक्ते, चित्रफिती पाहणे, मुद्रण अशा प्रत्येक कामापुढे ते सध्या कोणत्या साधनाने होते ते लिहावे. बहुतेक साधनांना लिनक्सवर तोडीचा पर्याय असतो. फायरफॉक्स व लिबरऑफिस तर दोन्हीकडे सारखेच चालतात. परंतु केवळ विंडोजसाठी लिहिलेले हिशेबाचे साधन, किंवा ज्याची आज्ञावली लिनक्ससाठी उपलब्ध नाही असे स्वाक्षरी-टोकन ज्याच्या उपजीविकेचे साधन आहे, त्याने ही अडचण आधी सोडवावी आणि मगच पुढे जावे. ती सुटत नसेल तर त्याने बदल न करणेच शहाणपणाचे.

दुसरी पायरी यंत्राच्या तपासणीची. प्रक्रियक ६४ बिटांचा आहे काय, हे पाहावे. कारण ३२ बिटांच्या यंत्रांचा आधार एकेक वितरण सोडत आले आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या डेबियन १३ पासून अशा यंत्रांवर नवी प्रतिष्ठापना करण्याची सोय उरलेली नाही. त्यानंतर रॅम व डिस्क ह्यांची नोंद घ्यावी. लिनक्स मिंटला किमान २ गिगाबाइट रॅम लागते आणि ४ गिगाबाइट असल्यास काम सुखाने चालते, असे त्याचे कर्तेच सांगतात.

ह्या दोन याद्या हाती आल्या म्हणजे तिसऱ्या पायरीवर फारसे पर्याय शिल्लक राहत नाहीत, आणि निवड आपोआप सोपी होते.

५. एक उदाहरण

समजा, बडोदे येथील एका मराठी वाचनालयात बारा वर्षांपूर्वीचा एक लॅपटॉप आहे. प्रक्रियक ६४ बिटांचा, रॅम ४ गिगाबाइट आणि हार्ड डिस्क ५०० गिगाबाइटची, मिनिटास ५,४०० फेरे घेणारी. ग्रंथपालाला मराठी व गुजराती पत्रव्यवहार, पुस्तकांची यादी आणि सभासदांसाठी वर्तमानपत्रांचे वाचन एवढी कामे करावयाची आहेत. यंत्र सुरू होण्यास काही मिनिटे लागतात, म्हणून ते मोडीत काढावे असा विचार चालू आहे.

हा संथपणा कोठून येतो, ते गणिताने पाहू गेल्यास उलगडते. मिनिटास ५,४०० म्हणजे सेकंदास ९० फेरे. एका फेऱ्यास सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी असलेली माहिती वाचनशीर्षाखाली येण्यास सरासरीने अर्धा फेरा, म्हणजे ५.५ मिलिसेकंद, थांबावे लागते. शीर्ष योग्य जागी सरकण्यास आणखी १२ मिलिसेकंद धरले, तर एका वाचनास जवळजवळ १८ मिलिसेकंद होतात, आणि सेकंदाला अशी ५५ वाचने होतात. एखादे साधन उघडण्यास विखुरलेली २,००० वाचने लागतात असे मानले, तर ३६ सेकंद केवळ डिस्कची वाट पाहण्यात जातात. एसएसडी नावाच्या घन-अवस्था डिस्कमध्ये फिरणारा भागच नसतो. तेथे एका वाचनास सुमारे ०.१ मिलिसेकंद धरल्यास तीच २,००० वाचने ०.२ सेकंदात उरकतात.

ह्यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. अशा यंत्रावर पहिला खर्च नव्या डिस्कचा करावा; कोणतेही 'हलके' वितरण फिरत्या डिस्कचा हा दोष पूर्णपणे झाकू शकत नाही.

आता रॅमचा विचार. लिनक्सवर पडद्याच्या मांडणीचे निरनिराळे प्रकार निवडता येतात. ग्नोम व केडीई प्लाझ्मा हे अधिक सोयींचे, तर एक्सएफसीई व एलएक्सक्यूटी हे अधिक मितव्ययी. जड मांडणीऐवजी हलकी घेतली तर ढोबळमानाने अर्धा गिगाबाइट रॅम वाचते. तथापि महाजालाची काही पाने एकाच वेळी उघडली की तेवढी रॅम सहज संपते. म्हणून ४ गिगाबाइटच्या यंत्रावर हलकी मांडणी निवडावी हे खरे. परंतु एका वेळी थोडीच पाने उघडी ठेवण्याची सवय त्याहून अधिक उपयोगी पडते. सारांश, ह्या वाचनालयास लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा त्याच मांडणीचे डेबियन योग्य ठरेल.

६. प्रतिष्ठापनेपूर्वीची परीक्षा

लिनक्सची मोठी सोय अशी की, डिस्कला हात न लावता ते आधी चालवून पाहता येते. किमान ८ गिगाबाइटचा पेन ड्राइव्ह घ्यावा, वितरणाच्या अधिकृत स्थळावरून प्रतिमा-फाइल उतरवावी आणि ती त्यासाठी असलेल्या साधनाने पेन ड्राइव्हवर लिहावी. फाइलबरोबर ६४ चिन्हांचा एक पडताळा-अंक दिलेला असतो. उतरलेल्या फाइलवरून तोच अंक निघाला, तर फाइल वाटेत बिघडलेली नाही असे समजावे. एक चिन्ह जरी वेगळे आले तरी ती फाइल वापरू नये.

संगणक पेन ड्राइव्हवरून सुरू झाल्यावर पुढील गोष्टी एकेक करून तपासाव्यात : बिनतारी जाळे मिळते काय, आवाज येतो काय, कॅमेरा दिसतो काय, मुद्रकावर पान छापले जाते काय, झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर यंत्र जागे होते काय. नवे मुद्रक बहुधा वेगळ्या आज्ञावलीवाचून चालतात, परंतु काही जुने लेसर मुद्रक अडून बसतात. ही अडचण प्रतिष्ठापनेपूर्वी कळणे आणि नंतर कळणे ह्यांत मोठे अंतर आहे.

ह्यापुढील पायरी मागे घेता येत नाही. 'संपूर्ण डिस्क वापरावी' हा पर्याय स्वीकारताच डिस्कवरील सर्व मजकूर पुसला जातो. यास्तव सर्व कागदपत्रे व छायाचित्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावीत, आणि ती तेथे उघडतात की नाही हेही पाहावे. उघडून न पाहिलेल्या प्रतीवर विसंबून राहिल्यामुळे वर्षानुवर्षांचा मजकूर गमावण्याची पाळी येते.

७. जुळणी : एका वेळी एक बदल

प्रणाली बसली म्हणजे तिला कामाच्या मापाने बेतावयाचे असते. येथे उत्साही मनुष्य एकाच संध्याकाळी वीस बदल करतो, आणि दुसऱ्या दिवशी यंत्र अडले की कोणत्या बदलाने अडले ते त्याला सांगता येत नाही. प्रयोगशाळेतील नियम येथेही लागू आहे : एका वेळी एकच गोष्ट बदलावी, परिणाम पाहावा आणि वहीत नोंद करावी. बदलाची तारीख, पूर्वीची स्थिती, नवी स्थिती आणि दिसलेला परिणाम एवढे चार रकाने पुरेत. मिंटमधील टाइमशिफ्टसारख्या साधनाने बदलापूर्वीची अवस्था जतन करता येते व बिघाड झाल्यास तीवर परत जाता येते. मात्र हे साधन मुख्यतः प्रणालीचे रक्षण करते; कागदपत्रांची प्रत स्वतंत्रपणेच ठेवावी लागते.

वाचनालयाच्या उदाहरणात पहिली जुळणी भाषेची. भारतीय भाषांसाठी ठरविलेली इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी बहुतेक वितरणांत मिळते. तिचा विशेष असा की, एका ध्वनीची कळ सर्व भारतीय लिप्यांत सामान्यतः एकच असते. ज्या कळेने देवनागरी 'क' उमटतो, तिनेच गुजराती 'ક' उमटतो. बडोद्याच्या ग्रंथपालाला म्हणून दोन मांडण्या पाठ कराव्या लागत नाहीत. दोन लिप्यांमध्ये पालट करणारी कळ तेवढी ठरवावी लागते. दस्तऐवजाची भाषा हिंदी न ठेवता मराठी अशी नोंदविली, तर मराठी रूपांची सोय असलेल्या अक्षरटंकांत 'ल' आणि 'श' ही अक्षरे मराठी वळणाने दिसतात.

जुन्या मजकुराची अडचण मात्र वेगळी आहे. युनिकोडपूर्वीच्या पद्धतीने टंकलिखित केलेल्या फाइलींत प्रत्यक्षात रोमन चिन्हांचे अंक साठविलेले असतात, आणि विशिष्ट टंकामुळेच ते देवनागरी दिसतात. तो टंक नसलेल्या यंत्रावर असा मजकूर निरर्थक दिसतो. म्हणून जुना संगणक चालू आहे तोवरच अशा फाइली युनिकोडमध्ये रूपांतरित करून, त्यातील जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीत.

दुसरी जुळणी डोळ्यांची व हातांची. वयस्क वाचकांसाठी अक्षरांचा आकार वाढवावा. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारे ऑर्का हे साधन आहे. तिसरी जुळणी सुरक्षेची : दुरुस्त्या आपोआप बसतील अशी सोय करावी, आणि नवी साधने शक्यतो वितरणाच्या स्वतःच्या भांडारातूनच घ्यावीत. कोठूनतरी मिळालेली आज्ञा न समजता व्यवस्थापकाच्या अधिकाराने चालविणे, म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती घराच्या किल्ल्या देणे होय.

अखेरीस वेगाची जुळणी. यंत्र सुरू होताच आपोआप चालू होणाऱ्या अनावश्यक साधनांची यादी कमी करावी. रॅम अपुरी पडत असेल तर झेडरॅम ही सोय वापरून पाहावी; तिच्यामुळे काही काळ न वापरलेला मजकूर रॅममध्येच दाबून ठेवला जातो. त्यासाठी प्रक्रियकाला थोडे अधिक श्रम पडतात. म्हणून फायदा झाला की नाही हे वहीतील नोंदीवरूनच ठरवावे.

८. लहान उपकरणे

जुन्या लॅपटॉपऐवजी रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक घ्यावा काय, असा प्रश्न येतो. ब्रिटनमध्ये २०१२ साली निघालेल्या ह्या मालिकेतील यंत्रे लिनक्सवर चालतात आणि त्यांना वीजही थोडी लागते. २०१९ सालच्या चौथ्या पिढीला १५ वॅटचा पुरवठा पुरतो. एकच काम अखंड करणाऱ्या ठिकाणी, उदाहरणार्थ पुस्तकांची यादी दाखविणाऱ्या पडद्यामागे, ते उत्तम होय.

परंतु त्याचा प्रक्रियक आर्म जातीचा असतो, आणि नेहमीच्या संगणकासाठी बांधलेली साधने त्यावर तशीच चालत नाहीत. त्याचा मजकूर बहुधा लहान स्मृतिपत्रावर असतो आणि ते सततच्या लेखनाने झिजते. चौथ्या पिढीपर्यंतच्या यंत्रांत बॅटरीवर चालणारे घड्याळही नसते. वीज जाऊन आली आणि महाजाल मिळाले नाही, तर त्याची वेळ चुकते. वीज वारंवार जाणाऱ्या गावात लॅपटॉपची जुनी बॅटरी दहा मिनिटे टिकली तरी तेवढ्यात काम जतन करून यंत्र बंद करता येते. हा लाभ लहानसा दिसला तरी नोंदी ठेवणाऱ्याच्या दृष्टीने निर्णायक ठरतो.

९. समारोप

लिनक्स विनामूल्य मिळते, हा त्याचा सर्वांत सहज दिसणारा गुण आहे. परंतु तो सर्वांत मोठा नव्हे. यंत्राने काय करावे, किती काळ करावे आणि कोणत्या भाषेत करावे, ह्याचा निर्णय मालकाच्या हाती राहतो, हे त्याचे खरे मोल. ह्या अधिकाराबरोबर थोडी जबाबदारीही येते : कामांची यादी करण्याची, आधी तपासून पाहण्याची, प्रत जपण्याची आणि नोंदवही ठेवण्याची. एवढे केले म्हणजे मोडीत निघालेला संगणक पुन्हा वाचनालयाच्या मेजावर येऊ शकतो, आणि तेथे बसणाऱ्याला त्याचे वय आठवतही नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. मिनिटास ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कमध्ये अर्ध्या फेऱ्यास किती मिलिसेकंद लागतील? ५,४०० फेऱ्यांच्या डिस्कशी तुलना करा.

२. घरातील अथवा शाळेतील एका संगणकावर होणाऱ्या कामांची यादी करा. कोणते काम लिनक्सवर अडेल, आणि का?

३. टाइमशिफ्टने जतन केलेली अवस्था आणि कागदपत्रांची प्रत ह्यांत कोणता फरक आहे?

४. एका वेळी एकच बदल करण्याचा नियम संगणकाशिवाय आणखी कोणत्या कामात उपयोगी पडतो, ते उदाहरणाने स्पष्ट करा.